मासे, मोजे, चीज

डेस्मंड दर गुरुवारी पावणेदहाला घराबाहेर पडतो आणि साडेदहाला परत येतो. मधला पाऊण तास माझा. त्या वेळात मी अंघोळ उरकते, रेडिओ लावते, आणि शेवटची दहा मिनिटं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहते, कारण तिथून पुढच्या दाराचं हँडल सरळ दिसतं. हँडल खाली गेलं की माझा गुरुवार पार पडला.

त्या गुरुवारी दहा चाळीस झाले तरी हँडल हललं नव्हतं.

दुसऱ्या कुठल्या गुरुवारी मी दहा मिनिटांसाठी जीव वरखाली करून घेतला नसता. पण त्या दिवशी बाराच्या बसनं टॅमसिन येणार होती. टॅमसिन आमची एकुलती एक मुलगी. अठराव्या वर्षी इथून गेली ती लंडनचीच झाली. कुणी गाव विचारलं तर खुशाल लंडन सांगते. आता चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि फोनवर माझ्या आवाजावरून मी काय लपवतेय ते ओळखते. म्हणजे मला तशी भीती असते. आदल्या रविवारी तिनं सरळच विचारलं होतं.

"मम, डॅड कसा आहे? खरं सांग."

"मजेत आहे. गुरुवारी एकटा बाजारात जातो, चीज घेऊन येतो."

"एकटा?"

"मग काय मिरवणुकीनं जाईल? चाळीस वर्षं जातोय तो."

ती मग म्हणाली, "ठीक. मी गुरुवारीच येते आणि त्याच्याबरोबर बाजारात जाते. त्यानं मला नीट फिरवून घरी आणलं, तर फ्लॅटचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही आणलं, तर तू सही करायची. कबूल?"

फ्लॅट तिच्या घराजवळचा. म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, खाली चोवीस तास माणूस. सगळं अगदी चांगलं. मला नुसतं त्याचं चित्र बघून गुदमरायला होतं. तरी मी कबूल म्हणाले, कारण नाही म्हणाले असते तर तिला सगळं कळलं असतं. कबूल म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एक अख्खा केक एकटीनं खाल्ला.

डेस्मंडचं डोकं दोन वर्षांपासून दगा देतंय. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी आभार मानले, बाहेर आले आणि कुणाशी एक अक्षर बोलले नाही. आमच्या गावात, केटलबोर्नमध्ये, असल्या गोष्टी सांगत नाहीत. पाय मोडला तर सांगतात, कारण प्लास्टर दिसतं.

आणि सांगायचं तरी कशाला? गुरुवारी तो जमवत होता. दोनदा मी चर्चच्या कुंपणाआडून त्याच्यावर पाळत ठेवली होती, तेव्हा मला त्याची युक्ती कळली. रस्त्यांची नावं त्याच्या डोक्यातून गेली होती, पण दुकानं शिल्लक होती. चौकात शिरताना मासे दिसले की उजवीकडे. मोजे दिसले की डावीकडे. चीज दिसलं की एक तुकडा घ्यायचा आणि समोरच्या गल्लीनं घरी. आमच्या बाजारात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. क्लाइव्हच्या बापाची मासळीची गाडी जिथे उभी राहायची, तिथेच क्लाइव्हची उभी राहते. कुणी मेलं तरी वर्षभर त्या जागेवर दुसरा कुणी टेबल लावत नाही. अशा गावात माणूस हरवायचा कसा?

त्या दिवशी सकाळी त्याला घरात ठेवावं, असं एकदा मनात आलं होतं. पण गुरुवारी पावणेदहाला कोट चढवून, मफलर गुंडाळून तो दारात उभा राहतो तेव्हा त्याला अडवणं मला जमत नाही. शिवाय मी स्वतःला समजावलं, दुपारच्या परीक्षेआधी एक रंगीत तालीम होईल. माझा शहाणपणा!

दहा पन्नासला मी कोट घातला आणि टोपली घेतली. टोपली घ्यायची काहीएक गरज नव्हती. पण आमच्या गावात टोपलीशिवाय घाईघाईनं चालणारी बाई दिसली की लोक खिडक्यांत येतात.

चौकात पाऊल टाकलं. मासे नव्हते.

क्लाइव्हच्या गाडीच्या जागी फुलांची ढकलगाडी होती, निळी रंगवलेली, वर पितळी घंटा. मोज्यांच्या टेबलाच्या जागी मधाच्या बाटल्या. ब्रॉनवेनचं चीज कोपऱ्यातून उचलून चौकाच्या मधोमध, जुन्या दगडी छत्रीखाली मांडलं होतं आणि खाली गवत अंथरलं होतं. जसं काही चीज अंडी घालणार होतं! सगळा चौक कसा चित्रासारखा दिसत होता. आणि मला आठवलं, पंधरा दिवसांपूर्वी दारातून एक चिठ्ठी आत पडली होती. 'बाजाराच्या मांडणीत एका दिवसापुरता किरकोळ बदल.' ती मी नीट वाचलीही नव्हती. मार्मालेडच्या चिकट बरणीखाली ठेवून दिली होती.

लॅव्हिनिया कोल हात पसरत माझ्याकडे आली. ती बाजार समितीची अध्यक्ष. लंडनहून इथे येऊन सात वर्षं झाली, म्हणजे आमच्या हिशेबानं अजून पाहुणीच. बाई मनानं वाईट नाही, पण तिला गाव सतत कुणाला तरी दाखवायचं असतं.

"हिलरी! किती छान वेळेवर आलीस. हे रविवारच्या पेपरवाले. राहायला सगळ्यात सुंदर अशी बाजाराची गावं निवडतायत, आणि आपण शेवटच्या पाचांत आहोत!" मग आवाज खाली आणून, "मासळी मागे हलवली बरं का, वाचनालयाच्या पलीकडे. फोटोत वास येत नाही हे खरं, पण दिसायला..."

तिच्यामागे कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक तरतरीत माणूस होता. त्यानं वही काढली.

"तुम्ही इथल्याच ना? या गावात राहण्यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

माझी नजर त्याच्या खांद्यावरून चौकभर फिरत होती. करड्या टोप्या तीन दिसल्या, एकही डेस्मंडची नाही.

"इथे सगळं जागच्या जागी असतं," मी म्हणाले.

त्यानं ते लिहून घेतलं.

चौकातून चार रस्ते फुटतात. एक आमच्या घराकडे. एक पुलाकडे, जिथे गिरणीचा बांध आहे आणि कठडा गुडघ्याएवढा. एक बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागतो, तिथे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. चौथा जुन्या गुरांच्या बाजाराकडे. मासे न दिसल्यावर माझा नवरा यातल्या कुठल्या रस्त्यानं गेला, हे मला शोधायचं होतं. आणि कुणालाही न विचारता शोधायचं होतं. आता लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी ब्रॉनवेनकडे गेले. ही वेल्सच्या सीमेवरची, दणकट, वीस वर्षं चीज विकतेय.

"छान ऊन पडलंय," मी म्हणाले.

"पडलंय खरं. टिकलं म्हणजे मिळवलं."

"डेस्मंड इकडे आला होता का गं? नाही, विशेष काही नाही. मफलर विसरून गेला घरी."

मफलर त्याच्या गळ्यात होता. मीच गुंडाळला होता.

ब्रॉनवेननं चीज कापायची तार हातात तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "आज नाही आला. मला वाटलं, लेक येणार म्हणून तू घरीच ठेवलंस." मग घाईनं, "म्हणजे, ठेवलंस म्हणजे, थांबला असेल घरी."

"हो हो. येईल आता," मी म्हणाले आणि एक तुकडा चीज विकत घेतलं. नको असलेलं. तिनंही ते कागदात अगदी सावकाश गुंडाळून दिलं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

वाचनालयामागे क्लाइव्ह तोंड पाडून उभा होता. एरवी त्याच्यापुढे रांग असते, आज एक मांजर होतं.

"तीस वर्षं," तो म्हणाला. "तीस वर्षं उभा आहे मी तिथे. आणि आज म्हणे तुझी गाडी फोटोला बरी दिसत नाही. मीही बरा दिसत नाही, मग मलाही झाकून ठेवा म्हणावं."

"डेस्मंड दिसला का रे?"

त्याचं तोंड एकदम मिटलं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग बर्फाकडे, मग सुरी पुसायला घेतली. "नाही बुवा. काही... म्हणजे, सगळं ठीक?"

"अगदी ठीक. मॅकरेल... नाही, कॉड मासा दे एक."

का घेतला मी तो कॉड? माझं तोंड आपोआप चालत होतं. तोवर अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पुलाकडे जावं की मोठ्या रस्त्याकडे? पुलाकडे गेले आणि तो मोठ्या रस्त्यावर असला तर? मी पुलाच्या दिशेनं वीस पावलं गेले, परत फिरले, दुसरीकडे वीस पावलं गेले. टोपलीतला कॉड पावलागणिक उडत होता. बांधावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज रोजचाच, पण त्या दिवशी तो माझ्या कानात शिरून बसला.

बँकेशेजारच्या बोळात परवेझचं टेबल लावलं होतं. मोजे, हातमोजे, बॅटऱ्या, छत्र्या. परवेझ लेस्टरहून येतो, पहाटे पाचला निघून. बावीस वर्षांत त्याचा एक गुरुवार चुकलेला नाही. मी तोंड उघडलं ते ऊन छान पडलंय असं म्हणायला. निघालं भलतंच.

"परवेझ, डेस्मंडचं डोकं ठीक नाही. दोन वर्षं झाली. तो सकाळी बाहेर पडला आणि मला तो सापडत नाहीये."

बोलून झाल्यावर मला वाटलं, आता जमीन दुभंगणार. चाळीस वर्षांत मी या बाजारात सर्दी झाल्याचंसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

परवेझनं हातातल्या मोज्यांची जोडी खाली ठेवली. "मला माहीत आहे, मिसेस ट्रँटर."

"काय माहीत आहे?"

"डेस्मंडसाहेबांचं. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षीच्या ईस्टरपासून."

मला त्याचा अर्थच लागेना.

"क्लाइव्ह त्यांना माझ्यासाठी निरोप देतो," परवेझ घाईघाईनं सांगू लागला, एकीकडे टेबलावर कापड टाकत. "परवेझला सांग, बॅटऱ्या हव्यात. असं काहीही. ते येऊन मला सांगतात. मी त्यांच्याकडे ब्रॉनवेनसाठी निरोप देतो, हातमोजे आलेत म्हणून. ती चीज देते आणि म्हणते, हे हिलरीला दे. ते गल्लीत वळेपर्यंत बघत राहते. हातात काम असलं की ते चुकत नाहीत. आज पहिलाच माणूस जागेवर नव्हता. मी सव्वादहापासून बघतोय."

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडले. बोळात ओरडले.

"तुम्ही कधी विषय काढला नाहीत," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही."

खरंच आवडलं नसतं. तेच तर! मी पाळत ठेवली होती, त्याची युक्ती नवऱ्याची हुशारी म्हणून मनातल्या मनात मिरवत होते, आणि कुंपणाआडून मला तेवढं एक दिसलं नव्हतं. सगळा बाजार माझी लाज सांभाळत बसला होता आणि मी ती बाजारापासून लपवत बसले होते. आणि सव्वादहा ते अकरा वीस, एक माणूस रस्त्यावर एकटा.

परवेझ बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं शिट्टी मारली. वाचनालयाच्या कोपऱ्यावर क्लाइव्हचं डोकं बाहेर आलं. परवेझनं फक्त मान हलवली. क्लाइव्हनं ब्रॉनवेनकडे बघून मान हलवली, ब्रॉनवेननं पाववाल्याकडे, पाववाल्यानं मधवाल्या जोडप्याकडे. कुणी एक शब्द बोललं नाही. मला डेस्मंडचा जुना बाजार आठवला. तो एकतीस वर्षं गुरांचे लिलाव पुकारायचा, आणि आमचे शेतकरी बोली लावताना तोंड उघडत नसत. एखादा टोपीला बोट लावी, एखादा नुसती भुवई हलवी, आणि डेस्मंडला ती भुवई चाळीस पावलांवरून दिसायची.

पाच मिनिटांत चौक रिकामा झाला. चीजवर कापड, मासळीवर कापड, टेबलं उघडी टाकून माणसं चारी रस्त्यांना पांगली. पेपरवाला कॅमेरा धरून चौकाच्या मध्यात गोल फिरत होता. "लोक कुठे गेले?" तो लॅव्हिनियाला विचारत होता. "मला फोटोत लोक हवेत!"

लॅव्हिनियानं मला गाठलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हिलरी, मला कुणी सांगितलं असतं तर मी एक टेबलसुद्धा..."

"इथे कुणी कुणाला सांगतं का?" मी म्हणाले, आणि पुलाकडे धावले.

कठड्यावरून वाकून बघितलं ते मी कधी विसरणार नाही. पाणी तपकिरी होतं. एक काळं काहीतरी बांधाला अडकून हलत होतं, आणि ती फांदी आहे हे कळेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मी मोठ्यानं त्याचं नाव घेत होते, आणि पलीकडच्या काठावर पाववालाही घेत होता. आता लाज कसली?

क्लाइव्हची मासळीची व्हॅन माझ्या मागे येऊन थांबली. "बस! सापडला. ब्रॉनवेनला विल्फ पार्जिटरचा फोन आलाय."

"कसा आहे?"

"काम करतोय म्हणे. विल्फ म्हणाला, घाई करू नका, आणखी तीन जनावरं राहिलीत."

जुना गुरांचा बाजार बंद पडून वीस वर्षं झाली. तिथे आता मोठं सुपरमार्केट आहे, आणि रिंगण होतं तिथे गाड्या लावायची जागा. ट्रॉल्या ठेवायच्या शेडपाशी, बुटक्या भिंतीवर माझा डेस्मंड उभा होता. टोपी मागे सरकवलेली, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र, आणि आवाज! दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

"हेरफर्ड बैल, मंडळी, दोन वर्षांचा! पाठ बघा, पाय बघा. सहाशे, सहाशे, सहाशे वीस. पार्जिटर, झोपलास की काय?"

विल्फ पार्जिटर हा डेस्मंडच्या लिलावांतला जुना शेतकरी, आता एक्याऐंशी वर्षांचा आहे. तो एक रिकामी ट्रॉली गोल गोल फिरवत होता, जनावराची चाल दाखवावी तशी. त्याच्या काखेत मांजराच्या खाण्याचं पुडकं होतं. आणखी दोन म्हातारे शेतकरी खिशात हात घालून उभे होते आणि गंभीर चेहऱ्यानं भुवया हलवत होते.

विल्फ ट्रॉली ढकलत माझ्याजवळ आला. "दहा वाजता आला. चौकात बाजार नाही, बाजार कुठे गेला, म्हणून विचारत होता. घाबरला होता गं. म्हटलं, बाजार इथंच आहे डेस्मंड, तुझीच वाट बघतोय." त्यानं नाक पुसलं. "कुणी विचारायला येईल म्हणून थांबलो. कुणी येईना. मग वाटलं, आपणच फोन करावा, तर हिलरीला आवडेल न आवडेल. तास झाला बघ. माझ्या नावावर अकरा बैल लागलेत."

मी त्या म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. तो बिचारा ट्रॉलीसकट ताठ उभा राहिला.

तेवढ्यात मला टॅमसिन दिसली. शेतकऱ्यांच्या मागे, बसच्या थांब्यापाशी, खांद्याला पिशवी. ती कधी वेळेवर येत नाही, आधीच्या बसनंच येते. पिशवीतून फ्लॅटच्या कागदांचं पिवळं पाकीट डोकावत होतं. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती बापाकडे बघत होती.

मग तिनं एक बोट वर केलं. अगदी थोडंसं. लहानपणी ती रिंगणाच्या कठड्यावर बसायची, तेव्हा सगळं बघून ठेवलं असणार.

डेस्मंडला ते दिसलं. "सातशे, मागे निळ्या कोटातल्या बाई. सातशे, एक वार, दोन वार..." वर्तमानपत्र त्याच्या तळहातावर आपटलं. "दिलं! नाव काय, बाई?"

टॅमसिन म्हणाली, "ट्रँटर."

"ट्रँटर." त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. प्रेमळपणे बघितलं, परक्या माणसाकडे बघावं तसं. "आणि गाव?"

विल्फनं ट्रॉली थांबवली.

"इथलीच," टॅमसिन म्हणाली.

"मग काही प्रश्न नाही," डेस्मंड खूश होऊन म्हणाला. "इथल्या सगळ्यांना मी ओळखतो."

तो भिंतीवरून उतरत होता आणि क्लाइव्हनं त्याला हात दिला होता, तेवढ्यात टॅमसिन माझ्याजवळ आली. तिचे डोळे लाल होते आणि आवाज रागाचा होता. तोवर कुणीतरी तिला सगळं सांगितलं असणार.

"दोन वर्षं, मम?"

"हो."

"ह्या सगळ्यांना माहीत होतं?"

"त्यांना माहीत आहे हे मला आजच कळलं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मी हे पाकीट कशाला आणलं? मला कुणी काही सांगत नव्हतं म्हणून आणलं. रात्री मला वाटायचं, तुम्ही दोघं त्या घरात पडून आहात आणि शेजारी म्हणतायत, विचारलं तर त्यांना आवडणार नाही."

मी हात पुढे केला. "दे ते. मी हरले. कुठे सही करायची सांग."

तिनं पाकीट दिलं नाही. "ठरलं काय होतं? त्यानं मला बाजारातून फिरवून घरी आणायचं. अजून आम्ही बाजारात गेलोच नाही." मग क्लाइव्हला, "तुमची गाडी नेहमी कुठे असते?"

"जिथे असते तिथे असेल," क्लाइव्ह म्हणाला. "दहा मिनिटं द्या मला. आणि त्या बाईंना ती घंटा लावलेली गाडी हलवायला सांगा."

"त्यांनी कधीच हलवली," पुलाकडून चालत आलेला पाववाला म्हणाला. "स्वतः ढकलत होत्या. फुलं सांडली सगळी."

"मी येते मागून," मी म्हणाले.

"नाही. तू घरी जा, मम. तू कुंपणाआड उभी राहिलीस तर ती परीक्षा नाही."

कुंपणाचं हिला कुणी सांगितलं? घरी आले, कॉड सिंकमध्ये टाकला, आणि तिसऱ्या पायरीवर बसले. कोट तसाच.

साडेबारा. एव्हाना क्लाइव्हनं निरोप दिला असेल. बारा चाळीस. मोजे. दुपारी तो कधी बाजारात जात नाही, ऊन दुसऱ्या बाजूला असतं, सावल्या वेगळ्या पडतात, हे माझ्या आधी का ध्यानात आलं नाही? आणि तास-दीड तास बोलून दमलेला माणूस. बारा पन्नास. आज निभावलं, तरी पुढच्या गुरुवारचं काय? डिसेंबरातल्या बर्फाचं काय? तो मलाच नाव विचारेल त्या दिवसाचं काय? मी हँडलकडे बघत होते आणि माझी नखं कोटाच्या बटणात रुतली होती. एक वाजला. चर्चचा एकच ठोका पडला आणि मी उठून उभी राहिले.

हँडल खाली गेलं.

आधी डेस्मंड आत आला, हातात कागदात गुंडाळलेलं चीज. त्याच्यामागे टॅमसिन, उंबऱ्याबाहेरच थांबलेली, आपण पहिल्यांदाच हे घर बघतोय अशी.

"हिलरी," तो म्हणाला, "हे ब्रॉनवेननं तुला दिलंय." मग मागे वळून, टोपी काढून, "आणि या बाई पाहुण्या आहेत. ट्रँटर म्हणून. इथल्याच आहेत, पण रस्ता चुकल्या होत्या."

टॅमसिननं माझ्याकडे पाहिलं. रडत होती आणि ते लपवत नव्हती.

"हो," ती म्हणाली. "यांनी मला घरी आणलं."